जुन्या गाडीचा उष्णतेचा काटा : वाचावा कसा आणि तपासावा कसा

सालेकसा तालुका गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मध्यप्रदेश व छत्तीसगड या दोन राज्यांच्या सीमेला लागून आहे. दि. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला आणि जिल्ह्याचे ठिकाण पूर्वीपेक्षा जवळ आले. तरी ते सुमारे चाळीस किलोमीटर दूरच आहे. रेल्वे आहे, एस. टी. आहे, सन २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही सुरू झालेली आहे. परंतु रात्री-बेरात्री कोणाच्या घरी बाळंतीण अडली, कोणाला साप चावला, तर गावात ज्याच्या दारी गाडी उभी असेल त्याचेच दार प्रथम वाजते.

ही गाडी बहुधा जुनी असते. कोणाची मारुती ८००, कोणाची महिंद्राची जीप, एखाद्याकडे वडिलांनी घेतलेली ॲम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी या शतकाच्या आरंभीच बंद झाली. मुंबईच्या रस्त्यांवर तिने टॅक्सी म्हणून अनेक वर्षे सेवा केली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. ॲम्बॅसेडर व मारुती ८०० यांचे उत्पादन सन २०१४ मध्ये थांबले. अशा गाड्यांचे सुटे भाग व त्या जाणणारे मिस्त्री दिवसेंदिवस कमी होत आहेत. म्हणून ज्याची गाडी त्याला तिची थोडीफार भाषा समजली पाहिजे, असे आम्हांस वाटते. सदर लेखात आम्ही त्या भाषेतील एकाच शब्दाचा विचार करणार आहोत. तो शब्द म्हणजे डॅशबोर्डवरील उष्णतेचा काटा.

इंजिनाला पाणी कशासाठी?

इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळते तेव्हा ज्वालेचे तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्याही वर जाते. इंधनातून मिळालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने चौथा ते तिसरा हिस्सा चाके फिरविण्यास उपयोगी पडतो. सुमारे एक तृतीयांश उष्णता सायलेन्सरवाटे निघून जाते आणि जवळपास तेवढीच इंजिनाच्या धातूत शिरते. ही शेवटची उष्णता बाहेर काढली नाही तर पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो. यालाच आपण इंजिन ‘सीझ’ झाले असे म्हणतो.

ती बाहेर काढण्याचे काम पाणी करते. वॉटर पंप पाणी इंजिनाभोवती फिरवितो. तापलेले पाणी वरच्या होज पाईपने रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याने थंड होते आणि खालच्या पाईपने परत इंजिनात जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. तिच्या पोटात मेण भरलेले असते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअस तापले की मेण वितळून फुगते व झडप उघडते. तोवर पाणी इंजिनातच फिरते, म्हणून इंजिन सकाळी लवकर गरम होते. पुढे चालू गाडीत पाणी ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान राहावे, हे इंजिनाच्या प्रकृतीला मानवते.

रेडिएटरचे झाकण हाही या व्यवस्थेतील महत्त्वाचा भाग आहे. कुकरची शिटी जे काम करते तेच हे झाकण करते. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. झाकणाने आतला दाब अर्ध्या वातावरणाइतका वाढविला तर ते सुमारे १११ अंशांना, आणि एक वातावरण वाढविला तर सुमारे १२० अंशांना उकळते. झाकणाचा रबर कुजला तर हा फायदा जातो आणि एरवी निमूटपणे चालणारी गाडी चढणीवर उकळू लागते. तीस-चाळीस रुपयांचा रबर कुजल्यामुळे इंजिन उघडण्याची वेळ येऊ शकते, हे लक्षात ठेवावे.

काटा नेमके काय मोजतो?

मोटारीच्या आरंभीच्या काळात उष्णता पाहण्यासाठी डॅशबोर्डवर काटा नसे. अमेरिकेत सन १९१२ मध्ये पेटंट झालेले बॉइस मोटोमीटर हे रेडिएटरच्या झाकणावरच बसविलेले थर्मामीटर होते व चालक काचेतून समोर पाहून ते वाचीत असे. नंतर तांब्याच्या बारीक नळीतून दाब आणणारे यांत्रिक मीटर आले. काही जुने ट्रॅक्टर व जीप यांवर ते आजही दिसतात. आपल्या बहुतेक गाड्यांत मात्र विजेवर चालणारा काटा असतो.

त्याची रचना सोपी आहे. इंजिनात, पाण्याच्या वाटेवर, पितळेचा एक लहान नट बसविलेला असतो. त्याला मिस्त्री लोक ‘टेंपरेचर सेन्सर’ किंवा नुसते ‘बल्ब’ म्हणतात. त्याच्या आत जो पदार्थ असतो त्याचा विजेला होणारा रोध उष्णता वाढली की कमी होतो. तांब्याच्या तारेचे याच्या उलट आहे. ती तापली की तिचा रोध वाढतो. उष्णतेने रोध कमी होणारे पदार्थ असतात हे मायकेल फॅरडे यांनी सन १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइड तापवून पाहिले होते. आज आपल्या गाडीत त्याच गुणाचा उपयोग केलेला आहे.

बॅटरीतून निघालेली वीज चावीतून, फ्यूजमधून, मीटरमधून, एका तारेने सेन्सरपर्यंत जाते आणि सेन्सरच्या आट्यांतून इंजिनाच्या धातूत, म्हणजे अर्थिंगला, उतरते. पाणी थंड असेल तर रोध जास्त, प्रवाह कमी आणि काटा खाली ‘सी’ या अक्षराजवळ. पाणी तापले की रोध कमी, प्रवाह जास्त आणि काटा वर ‘एच’ या अक्षराकडे.

आता या लेखातील मुख्य मुद्दा सांगतो. काटा पाणी मोजत नाही, तो वीज मोजतो. काट्याच्या प्रत्येक जागेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : पाण्याची खरी उष्णता आणि ती बातमी आणणाऱ्या तारेची प्रकृती. म्हणून काटा विचित्र दिसला की पहिला प्रश्न एकच विचारावा. उष्णता विचित्र आहे की बातमी विचित्र आहे? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यापूर्वी एकही भाग बदलू नये. अनेक ठिकाणी प्रथम सेन्सर बदलतात, मग थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, आणि शेवटी दोष एका गंजलेल्या अर्थिंगच्या तारेत निघतो. पैसा मात्र तोपर्यंत गेलेला असतो.

पाण्याला उडी मारता येत नाही

उष्णता खरी की बातमी खोटी, हे ओळखण्याची एक खूण विद्यार्थी मित्रांना गणितानेच पटेल. समजा, ४० अश्वशक्तीचे इंजिन आहे. त्यात पाच लिटर पाणी व सुमारे ८० किलो लोखंड आहे. पाच लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे २१ किलोज्यूल उष्णता लागते आणि ८० किलो लोखंडाला सुमारे ३७. दोन्ही मिळून ५८ किलोज्यूल. पूर्ण जोर लावला तरी असे इंजिन पाण्याला दर सेकंदाला तीसएक किलोज्यूल उष्णता देते. म्हणजे रेडिएटर पूर्ण बंद पडला तरी तापमान सेकंदाला जेमतेम अर्धा अंश वाढणार. ८० वरून १२० अंशांवर जाण्यास एक मिनिटाहून जास्त वेळ लागणार, आणि साध्या चालीत कित्येक मिनिटे.

तेव्हा काटा डोळ्याची पापणी लवते न लवते तोच मधून ‘एच’वर गेला आणि तसाच परत आला, तर ती बहुधा विजेची करामत असते. काटा हळूहळू, चढाशी वा थांबण्याशी मेळ ठेवून वर गेला, तर ती उष्णता खरी समजावी.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पाणी कमी झाले असेल तर सेन्सरजवळ वाफेचे किंवा हवेचे बुडबुडे येतात आणि काटा नाचू लागतो. म्हणून कोणतीही तपासणी करण्यापूर्वी, सकाळी गाडी पूर्ण थंड असताना, झाकण उघडून पाणी पाहावे. पाणी काठोकाठ आहे याची खात्री झाल्यावरच पुढचा तर्क करावा.

सकाळची परीक्षा

सर्वांत स्वस्त परीक्षा सकाळी होते. रात्रभर उभी असलेली गाडी घ्यावी. इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवावी आणि काटा पाहावा. इंजिन थंड आहे हे आपल्याला ठाऊकच आहे. काटा ‘सी’वर असला पाहिजे. थंड इंजिनावरच काटा मध्यावर किंवा ‘एच’वर गेला तर बातमी खोटी आहे, यात शंका नाही.

त्याच वेळी पेट्रोलचा काटाही पाहावा. काही जुन्या गाड्यांत दोन्ही मीटरना एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून, सुमारे दहा व्होल्टची, वीज मिळते. तो बिघडून बॅटरीची पूर्ण वीज मीटरना मिळू लागली, तर दोन्ही काटे एकदमच वर दिसतात. टाकीत पेट्रोल न भरता पेट्रोलचा काटा वाढला आणि सोबत उष्णतेचाही वाढला, तर इंजिनाला हात लावू नये. दोष मीटरच्या मागे आहे.

यानंतर हेडलाईट लावावे, वायपर चालवावे, हॉर्न वाजवावा. यांपैकी कशानेही उष्णतेचा काटा हलत असेल तर अर्थिंग कच्चे आहे. दिव्यांची वीज परतीची नीट वाट न मिळाल्याने मीटरच्या वाटेत लुडबुड करते. इंजिन व बॉडी यांना जोडणारी जाड पट्टी आणि मीटरमागची काळी तार सोडवून, काचकागदाने घासून, घट्ट बसवावी. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने ओल असते, त्यामुळे हा दोष जुन्या गाड्यांत वारंवार आढळतो.

तार काढून पाहणे

सकाळच्या परीक्षेत दोष विजेचा वाटला तर पुढील परीक्षा करावी. चावी चालू, इंजिन बंद. सेन्सरवरची तार काढून ती कशालाही लागणार नाही अशी धरावी. काटा ‘सी’वर गेला पाहिजे. तार काढूनही काटा वरच राहिला, तर ती तार वाटेत कोठेतरी घासून बॉडीला लागली आहे किंवा मीटर बिघडले आहे.

आता तीच तार इंजिनाच्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकवावी. काटा ‘एच’कडे निघाला पाहिजे. तो निघताच तार दूर करावी, जास्त वेळ धरल्यास मीटर जळू शकते. काटा दोन्ही वेळा बरोबर वागला तर मीटर व तार शाबूत आहेत, आणि संशय सेन्सरवर उरतो. काटा मुळीच हलला नाही तर फ्यूज, तार अथवा मीटर यांत तुटणूक आहे.

ही परीक्षा एका तारेच्या साध्या सेन्सरलाच लागू आहे, हे ध्यानात ठेवावे. इंजेक्शनच्या गाड्यांत संगणकासाठी वेगळा, दोन तारांचा सेन्सर असतो व काहींत मीटरला बातमीही संगणकच देतो. त्या तारा अर्थ करू नयेत. यांत्रिक नळीच्या मीटरलाही ही परीक्षा लागू नाही. तेथे नळी कापू किंवा वाकवू नये.

सेन्सर नवा बसविल्यावर काटा चुकीचा दाखवू लागला, तर दोन कारणे आधी पाहावीत. पहिले, दुसऱ्याच गाडीचा सेन्सर बसविला गेला. आटे जुळले म्हणजे रोध जुळतो असे नाही. दुसरे, नळाला लावतात ती पांढरी टेप आट्यांवर जास्त गुंडाळली गेली. या सेन्सरचे अर्थिंग आट्यांतूनच होते. टेपमुळे वीज अडते आणि काटा खाली राहतो.

उष्णता खरी असेल तर

काटा हळूहळू आणि विशिष्ट वेळीच चढत असेल तर त्याची वेळ व ठिकाण टिपून ठेवावे. त्यावरून कारण बरेचसे कळते.

गाडी उभी असताना, रेल्वे फाटकावर किंवा बाजारात, काटा चढतो आणि गाडी धावू लागली की उतरतो. याचा अर्थ वारा कमी पडतो. पंख्याचा पट्टा ढिला आहे का, विजेचा पंखा असल्यास तो फिरतो का, हे पाहावे. आपला भाग धानाचा आहे. मळणीच्या दिवसांत हवेत उडणारा भुसा, कुसळे व चिलटे रेडिएटरच्या जाळीत बसतात. बाहेरून जाळी साफ दिसते पण आत थर असतो. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, मंद धारेने पाणी मारून ती धुवावी. जोराच्या धारेने पातळ पाती वाकतात.

उभी असताना ठीक, पण दरेकसाच्या बाजूच्या चढणीवर किंवा माघ पौर्णिमेच्या कचारगड यात्रेला माणसे भरून जाताना काटा चढतो. येथे रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्याचा संशय घ्यावा. खालचा होज पाईप मऊ पडला असेल तर इंजिनाचा वेग वाढताच पंपाच्या ओढीने तो चपटा होतो व पाणी अडते. गाडी उभी करून रेस दिल्यावर तो डोळ्यांनी दिसतो. प्रज्वलनाचे टायमिंग मागे पडलेले असणे, कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी येणे, एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहणे, हीही कारणे असतात.

गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा वर जातो आणि वरचा होज पाईप मात्र थंडच लागतो. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला आहे. चांगला थर्मोस्टॅट असेल तर हा पाईप काही मिनिटे थंड राहून मग एकाएकी गरम होतो. पाईपला हात लावताना पंखा व पट्टा यांपासून हात व कपडे दूर ठेवावेत. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

पाणी रोज कमी होते, कोठे गळतीही दिसत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइल तपासण्याच्या पट्टीवर दुधाच्या चहासारखे ऑइल दिसते, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात. यांपैकी दोन खुणा जरी जमल्या तरी हेड गॅस्केट गेले असे समजून गाडी बंद ठेवावी.

काटा वरच येत नाही, थोडा चढून गाडी धावताच पुन्हा खाली जातो. अनेकांना ही चांगली खूण वाटते. वास्तविक थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कोणीतरी तो काढून टाकला आहे. ‘उन्हाळा कडक आहे, काढूनच टाका’ असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. थर्मोस्टॅट काढल्याने रेडिएटरची ताकद वाढत नाही. रेडिएटर चोंदलेला असेल तर मे महिन्यात गाडी तरीही तापते, आणि थंडीत इंजिन गरम होत नाही. मग पेट्रोल जास्त लागते, न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि सिलिंडर लवकर झिजतात. मूळ रोग तसाच राहतो.

मे महिन्याचा हिशेब

जानेवारीत ठीक असलेली गाडी मे महिन्यातच का तापते, असे पुष्कळ जण विचारतात. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी व हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंश व हवा २५ अंश असेल तर फरक ६५ होतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात हवा ४५ अंश झाली की फरक ४५ उरतो. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद जवळपास तीन दशांशांनी घटली. स्वच्छ रेडिएटर ही घट सोसतो. थोडा चोंदलेला जानेवारीत वेळ निभावून नेतो आणि मे महिन्यात हरतो. उन्हाळ्यात काटा नेहमीपेक्षा थोडा वर स्थिर राहिला तर घाबरू नये. तो वर चढतच राहिला तर मात्र थांबावे.

चोंदण्याचे मूळ बहुतेक वेळा पाण्यात असते. बोअरिंगच्या जड पाण्यातील क्षार तापल्यावर नळ्यांना चिकटतात. घरी पाणी तापविण्याच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो तोच हा थर. म्हणून डिस्टिल्ड वॉटर व चांगले कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात घालावे. कूलंटने गंजही आटोक्यात राहतो. त्यात इथिलीन ग्लायकोल हे विष असते व त्याची चव गोड असते. काढलेले कूलंट अंगणात किंवा गुरांच्या पाण्याजवळ ओतू नये. लहान मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नये.

काटा खाली, तरी धोका वर

आतापर्यंतच्या विवेचनात वर गेलेल्या काट्याचीच चर्चा जास्त झाली. परंतु सर्वांत घातक वाचन खाली गेलेल्या काट्याचे असते. होज पाईप फुटून पाणी एकदम वाहून गेले तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत उघडा पडतो. हवा पाण्यासारखी उष्णता पोचवीत नाही. इंजिन आत भाजत असते आणि काटा मात्र खाली येतो. चालकाला वाटते, गाडी थंड झाली. दोन-तीन किलोमीटर पुढे इंजिन जाम होते.

म्हणून वर गेलेला काटा आपण होऊन एकाएकी खाली आला, आणि त्याच वेळी गरम रंगासारखा वास, इंजिनाची टकटक किंवा ओढ कमी झाल्याचे जाणवले, तर काट्यावर विश्वास न ठेवता ताबडतोब गाडी बाजूला घ्यावी व इंजिन बंद करावे.

रस्त्यात गाडी तापल्यास पुढील क्रम पाळावा. माणसे उतरवावीत. वाफ येत असेल तर बॉनेटही लगेच उघडू नये. रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. दाब सुटताच ११० अंशांवरचे पाणी उसळते आणि तोंड, छाती, हात भाजतात. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. नंतर जाड ओले फडके ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, सर्व फस्स निघून जाऊ द्यावी आणि मगच काढावे. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी एकदम ओतू नये. ॲल्युमिनियमचे हेड वाकते किंवा चिरते. गाडी पुरेशी निवल्यावर इंजिन मंद सुरू ठेवून पाणी थोडे थोडे घालावे. आत रुग्ण असेल तर थांबण्याच्या त्या अर्ध्या तासात दुसऱ्या वाहनाची सोय व १०८ ला फोन करावा. तापलेली गाडी तशीच दामटल्याने रुग्ण लवकर पोचत नाही. तो अर्ध्या वाटेवर अडकतो.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग

आयटीआयच्या व विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी पुढील प्रयोग अवश्य करावा. थंड इंजिनातून सेन्सर व थर्मोस्टॅट काढून घ्यावेत. एका जुन्या पातेल्यात पाणी घेऊन दोन्ही दोऱ्याने असे टांगावेत की ते तळाला टेकणार नाहीत. सेन्सरचे तार लावण्याचे टोक पाण्याबाहेर राहू द्यावे. प्रयोगशाळेतील ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर पाण्यात धरावा. ताप पाहण्याची कपाळाजवळ धरावयाची बंदूक येथे चालणार नाही, कारण ती माणसाच्या तापापुरतीच मोजते. मल्टिमीटरचे एक टोक सेन्सरच्या अंगाला व दुसरे त्याच्या टोकाला लावावे. मंद आचेवर पाणी तापवीत ४०, ६०, ८० व ९५ अंशांना रोध किती ओहम येतो ते वहीत लिहावे.

आकडे गाडीगणिक वेगळे येतील, पण ते सतत उतरत गेले पाहिजेत. मध्येच उडी आली, किंवा आकडा हललाच नाही, तर सेन्सर निकामी आहे. त्याच पाण्यात थर्मोस्टॅट कोणत्या अंशाला उघडू लागला तेही पाहावे व त्याच्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. पाणी उकळू लागले तरी झडप मिटलेलीच राहिली, तर तो बदलावा. एका पातेल्यात, एका तासात, दोन भागांचा निवाडा होतो आणि खर्च फक्त सरपणाचा येतो.

या प्रयोगाचा कागद गाडीत ठेवावा. त्याच वहीत रोजच्या रस्त्यावर, म्हणजे सालेकसा ते आमगाव व आमगाव ते गोंदिया, काटा एरवी कोठे राहतो तेही लिहून ठेवावे. जानेवारीत एकदा आणि मे महिन्यात एकदा. आपल्या गाडीचा नेहमीचा काटा ज्याला पाठ आहे त्यालाच तो केव्हा वेगळा झाला हे कळते. हे मिस्त्रीलाही सांगता येते : सकाळी थंड असताना काटा कोठे होता, चढ कोठे लागला, दिवे लावल्यावर हलला की नाही, पाणी किती कमी झाले. एवढी माहिती नेली तर चांगला मिस्त्री अर्धे काम तेथेच संपवितो. माहिती न नेता ‘गाडी गरम होते’ एवढेच सांगितले, तर त्यालाही अंदाजाने भाग बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

सभासद बंधू-भगिनींपैकी ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी येत्या उन्हाळ्यापूर्वी निदान सकाळची परीक्षा तरी करावी. चावी फिरविणे, दोन्ही काटे पाहणे, दिवे लावून पाहणे आणि थंड रेडिएटरचे झाकण उघडून पाणी पाहणे. यास पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही. रात्री कोणी दार वाजविले, तर ती गाडी गोंदियापर्यंत जाईल की नाही, हे त्या पाच मिनिटांवर बरेचसे अवलंबून असते.